बडोद्यातली सहा वर्षं बाहेर कोणी मोजतं का?

वाचकाचं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, मी दांडियाबाजारात राहतो, वय २९, एमएसयूमधून म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बीई केलंय. सहा वर्षांत बडोद्यातल्याच तीन कंपन्या झाल्या, काम सगळं वेबचं, पीएचपी-लॅरावेलमध्ये, थोडं रिअ‍ॅक्ट. आता टीएल (टीम लीड) आहे, हाताखाली चार जण, पगार ६२ हजार. क्लायंट अमेरिकेतले पण त्यांच्याशी बीडीई (काम मिळवून आणणारा बिझनेस डेव्हलपमेंटचा माणूस) बोलतो, मी कधीच नाही. सहा महिन्यांत परदेशातल्या १४० जागांना अर्ज टाकले, दोन उत्तरं आली, एक इंटरव्ह्यू झाला तो पंचवीस मिनिटांत संपला. मार्चमध्ये एका क्लिनिकच्या बुकिंग सिस्टिममध्ये टाइमझोनचा थोडा इश्यू आला होता तो आम्ही सॉल्व्ह केला, तेच सांगितलं पण त्यांना विशेष वाटलं नाही. आत्ताच्या कंपनीत दोन वर्षांचा बॉण्ड आहे, सात महिने बाकी, एक लाखाचा चेक आणि ओरिजिनल डिग्री एचआरकडे. अलकापुरीतला एक कन्सल्टंट पाच लाखांत युरोपचा जॉब आणि व्हिसा दोन्ही करून देतो म्हणतोय. मित्र म्हणतो नोकरी सोड आणि सहा महिने नुसतं डीएसए (इंटरव्ह्यूत विचारतात ते डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कर. सासरे म्हणतात कर्ज काढून मास्टर्सला जा. बाबा म्हणतात इथे काय कमी आहे. बायको शाळेत शिकवते, मुलगी दीड वर्षाची. छोट्या शहरातल्या छोट्या कंपन्यांची सहा वर्षं बाहेर कोणी मोजतं का, की मला उशीर झालाय?"

प्रिय बडोदेकर,

उशीर अजिबात झालेला नाही आणि सहा वर्षं मोजतात, पण समोरच्याला ती दिसली तर मोजतील ना. तुझ्या पत्रात पगार, बॉण्ड, कन्सल्टंट, सासरे सगळ्यांवर भरपूर लिहिलंयस आणि ज्याच्या जोरावर तुला बाहेर नोकरी मिळू शकते ती गोष्ट एका वाक्यात गुंडाळलीयस. "टाइमझोनचा थोडा इश्यू आला होता तो आम्ही सॉल्व्ह केला." मी तिथेच थांबले आणि तुला उलट मेल करून विचारलं की नक्की काय झालं होतं, नीट सांग. तेव्हा तू जे लिहिलंस ते वाचून मला खरं सांगते राग आला, तुझ्यावर नाही, ज्या पद्धतीने आपल्याला स्वतःचं काम सांगायला शिकवलेलंच नसतं त्या पद्धतीवर.

इतर वाचकांसाठी सांगते काय झालं होतं. शिकागोजवळचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, पेशंट दर मंगळवारी सकाळी नऊला येणार अशी तीन-तीन महिन्यांची बुकिंग्ज जानेवारीतच टाकलेली. सिस्टिमने ती यूटीसीमध्ये, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, सेव्ह केली, म्हणजे हिवाळ्यात शिकागोचे नऊ म्हणजे यूटीसीचे पंधरा. आता अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्याकडे वर्षभर साडेपाच तास पुढे ते पुढेच, त्यामुळे भारतात बसून कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे येतच नाही. मार्चनंतर तेच पंधरा वाजले म्हणजे शिकागोचे दहा झाले, डॉक्टर नऊला तयार आणि पेशंटच्या फोनवर दहाचं रिमाइंडर. सोमवारी सकाळी क्लिनिकमध्ये गोंधळ, आणि बडोद्यात रात्री तुझा फोन वाजला.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. सगळ्यात सोपा उपाय काय होता, एक क्वेरी म्हणजे डेटाबेसला एकच आज्ञा मारून पुढच्या सगळ्या बुकिंग्जमधून एक तास वजा करायचा, आणि तुमच्या ऑफिसात दोघं जण तेच करायला निघाले होते. तू थांबवलंस. कारण घड्याळ बदलल्यावर म्हणजे रविवारी-सोमवारी जी नवी बुकिंग्ज पडली होती ती बरोबरच होती, त्यातून तास काढला असता तर ती चुकली असती. तू बुकिंग कधी तयार झालं त्या तारखेवरून दोन गट पाडले, फक्त जुन्या गटातली बदलली, आणि ज्या थोड्या बुकिंग्जची खात्री नव्हती ती यादी क्लिनिकच्या रिसेप्शनला फोन करून तपासायला दिली. मग पुढच्या आठवड्यात डेटाबेसमधल्या टेबलचं डिझाइनच बदललंस, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आणि झोनचं नाव, 'अमेरिका/शिकागो', असं वेगवेगळं ठेवलंस आणि यूटीसी त्यावरून काढायचं केलंस. वर त्यांची एक शाखा फिनिक्सला होती, ॲरिझोनात बहुतेक सगळीकडे घड्याळ बदलतच नाही, तेही तुला सापडलं.

अरे हाच तर सीनियर इंजिनिअर! बाहेरच्या कंपन्या सिस्टिम डिझाइनच्या राउंडमध्ये नेमकं हेच शोधत असतात, घाईत सोपी क्वेरी मारणारा हवाय की क्षणभर थांबून "कुठला डेटा आधीच बरोबर आहे" हे विचारणारा. आणि तू इंटरव्ह्यूत म्हणालास, टाइमझोनचा इश्यू होता, आम्ही सॉल्व्ह केला.

त्या "आम्ही"बद्दल बोलायलाच हवं. मी रावपुऱ्यात वाढले, घरात कोणी "मी केलं मी केलं" म्हणालं की आजी लगेच म्हणायची, मी मी काय करतेस. ते संस्कार चांगलेच आहेत, मी ते टाकून दे असं कधीच म्हणणार नाही. पण २०१६ मध्ये बर्लिनच्या एका कंपनीबरोबर माझा पहिला व्हिडिओ इंटरव्ह्यू झाला, बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या ऑफिसातून सगळे घरी गेल्यावर लॅपटॉप उघडून बसले होते, आणि पाऊण तास मी वी डिड, वी बिल्ट, वी फिक्स्ड असंच बोलत राहिले. शेवटी समोरची बाई अगदी शांतपणे म्हणाली, टीम चांगली दिसते तुमची, पण यातलं तुम्ही काय केलंत? आणि मला उत्तर सुचलं नाही. काम मीच केलं होतं पण "मी" या शब्दापासून वाक्य सुरू करायची तोंडाला सवयच नव्हती. दोन दिवसांनी नकार आला. त्यानंतर महिनाभर रोज रात्री एकेक काम घ्यायचं आणि मोठ्याने, मीपासून सुरू करून, इंग्रजीत सांगायचं असं केलं, आईला वाटायचं मी फोनवर भांडतेय. टीमचं श्रेय टीमला द्यायचंच, "डिझाइन माझं, टेस्टिंग अमुक दोघांनी केलं" असं सांगितलं तर कुणाचं काही काढून घेत नाही आपण, उलट जास्त खरं असतं ते.

हे फक्त स्वभावामुळे होत नाही, आपल्या शहरातल्या कंपन्यांची कामाची रचनाच तशी आहे. प्रोजेक्ट बीडीई आणतो, कॉल बीडीई घेतो, क्लायंटचा राग-प्रेम सगळं त्याच्यापर्यंत येऊन थांबतं आणि आपल्यापर्यंत येतं फक्त तिकीट. माझा पहिला बॉस मला म्हणायचा, तुं खाली कोडिंग कर ने, वात हुं करी लईश, म्हणजे तू फक्त कोडिंग कर, बोलायचं मी बघतो. वाईट माणूस नव्हता तो, त्याला वाटायचं तो मला त्रासापासून वाचवतोय. पण पाच वर्षं असं गेलं की कोड लिहिणाऱ्याला का लिहितोय हेच माहीत नसतं, आणि बाहेरच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न 'का'चाच येतो.

म्हणून पहिलं काम, नोकरी बदलायच्याही आधीचं, क्लायंट कॉलमध्ये शिरायचं. "मलाही बोलायचंय" असं बॉसला म्हणू नकोस, त्याला वाटेल तू क्लायंट फोडतोयस. असं सांग की प्रत्येक बगमध्ये प्रश्न विचारून उत्तर यायला दोन दिवस जातात, आठवड्यातून एकदा मला पंधरा मिनिटं कॉलवर घ्या, ते दोन दिवस वाचतील. मग त्या पंधरा मिनिटांत इंग्रजी फाडफाड बोलायची गरज नाही, उच्चार अमेरिकन करायची तर अजिबात नाही, सावकाश बोल, वाक्य छोटं ठेव, आणि शेवटी "मला जे समजलं ते असं" म्हणून परत सांग. ही एक सवय लागली ना तर अर्धा इंटरव्ह्यू झाला समज.

दुसरं काम, हीच टाइमझोनची गोष्ट इंग्रजीत एक पान लिहून काढ. काय बिघडलं, तुला आधी काय वाटलं होतं, काय करायचं टाळलंस आणि का, शेवटी काय बदललं. क्लायंटचं नाव नको, कंपनीचा कोड तर अजिबात नको, एनडीएवर, म्हणजे गुप्तता पाळायच्या करारावर, सही केलेली आहेस आणि शब्द दिलाय तो पाळायचाच. त्याऐवजी शनिवार-रविवार बसून खोट्या डेटावर तोच प्रॉब्लेम नव्याने उभा कर, छोटा प्रोजेक्ट, त्यात आधी फेल होणारी टेस्ट आणि मग पास होणारी, आणि तो गिटहबवर, जिथे कोड सगळ्यांना बघता येतो त्या साइटवर, टाक. बावीस टेक्नॉलॉजींची यादी कोणी वाचत नाही, असा एक प्रोजेक्ट आणि त्याचं नीट लिहिलेलं रीडमी, म्हणजे सोबतचं माहितीचं पान, वाचतात. मी स्वतः आता माणसं घेते तेव्हा आधी रीडमीच उघडते.

तुझा सीव्ही पाहिला. चार पानं आहेत, त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, छंद आणि शेवटी "वरील माहिती सत्य आहे" असं डिक्लेरेशन आणि सही. हे सगळं काढ. एक पान, फार तर दोन. फोटोची गरज नाही, जर्मनीत अजून काही लोक लावतात पण सक्ती नाही. प्रत्येक कंपनीखाली तीन ओळी, प्रत्येक ओळ तू केलेल्या कामाची, आणि खरा आकडा असेल तर आकडा. "रिस्पॉन्सिबल फॉर" ने सुरू होणारी ओळ म्हणजे तुला काय करायला सांगितलं होतं ती ओळ, तू काय केलंस ती नाही. आणि १४० अर्ज हा आकडा वाचून मला वाईट वाटलं रे, त्यातल्या किती कंपन्या बाहेरच्या माणसाला व्हिसा देतात हे पाहिलं होतंस? महिन्याला दहा-बारा अर्ज कर पण कंपनी वाचून कर, ते काय बनवतात, त्यात तुझी कुठली गोष्ट बसते, आणि पहिल्या दोन ओळींत तेच लिही.

डीएसएसाठी नोकरी सोडू नकोस. डीएसए लागतं, नाकारत नाही, पण घरात दीड वर्षाची मुलगी असताना पगार बंद करून बसलास तर तिसऱ्या महिन्यापासून अभ्यास होत नाही, हिशोब होतात. रोज एक तास, ॲरे, हॅशमॅप, ट्री, ग्राफ, चार-पाच महिने सलग, बस. तुझ्यासारख्या सहा वर्षांच्या माणसाला बऱ्याच मध्यम आकाराच्या युरोपियन कंपन्या घरी करायला असाइनमेंट देतात किंवा समोर बसून एखाद्या कोडवर एकत्र काम करतात, तिथे हिशोब वेगळा असतो, बोलत बोलत विचार करता येतो का हे बघतात.

कन्सल्टंट. पाच लाख देऊ नकोस, पाच हजारही देऊ नकोस. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, देशाबाहेर नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा, परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, तू त्याच्यासमोर बसूनच बघ आणि त्याला नंबर विचार. ज्या कंपनीला खरोखर इंजिनिअर हवा असतो ती तुझ्याकडून पैसे मागत नाही, उलट तिकीट आणि सुरुवातीच्या राहण्याचा खर्चही बऱ्याचदा देते. आपल्या शहरात घराघरात कोणी ना कोणी बाहेर आहे म्हणून हा धंदा इतका चालतो, आणि बुडालेला माणूस लाजेने बोलत नाही म्हणून अजून चालतो.

मास्टर्सचं थोडक्यात सांगते. ज्याला विषयच बदलायचाय किंवा जो नुकताच पास झालाय त्याच्यासाठी ठीक. तुझ्याकडे सहा वर्षांचा अनुभव आहे, तू नोकरीवर जाऊ शकतोस, मग परत विद्यार्थी होऊन कर्ज डोक्यावर घ्यायचं कशाला. सासऱ्यांना हे शांतपणे सांग, ते काळजीनेच म्हणतायत.

आता कुठे. अमेरिकेचं एच-वन-बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, तुझ्यासाठी आत्ता पहिला पर्याय म्हणून धरू नकोस, वर्षाला ८५ हजार जागा, त्यासाठी लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली गेली, बडोद्यातल्या अनोळखी माणसासाठी कुठली कंपनी एवढं भरेल. अमेरिकेला जायचंच असेल तर अशा कंपनीत शिर जिचं भारतात ऑफिस आहे, पुणे, बंगलोर, अहमदाबाद, कुठेही, तिथे सलग एक वर्ष काढल्यावर एल-वनवर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, जायचा रस्ता असतो, तो त्यांच्या मर्जीवर असतो एवढं लक्षात ठेव.

युरोप तुझ्यासाठी जास्त मोकळा आहे. जर्मनीचं ब्लू कार्डच बघ, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना, आयटीसारख्या टंचाईच्या कामांसाठी २०२५ मध्ये पगाराची किमान मर्यादा वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट होती, हा आकडा दर जानेवारीला बदलतो. त्यासाठी डिग्री जर्मनीत मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या सरकारी यादीत बघायचं, युनिव्हर्सिटी आणि कोर्स दोन्ही. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला तिथे पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते आणि येण्याआधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही. तरी मी म्हणेन दोघांनी आजपासून जर्मन सुरू करा, तिला शाळेत शिकवायचं असेल तर भाषेशिवाय दार उघडणार नाही, आणि तुला बी-वन (जर्मनची मधली पातळी) झालं तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, नाहीतर ए-वनवर (सुरुवातीची पातळी) २७ महिने. तुम्ही दोघं आधीच मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलता, पाचवी भाषा जड जाणार नाही.

नेदरलँड्समध्ये एक गोष्ट तुझ्या वयाशी जोडलेली आहे म्हणून मुद्दाम सांगते. तिथे तीस वर्षांखालच्या माणसासाठी पगाराची अट बरीच कमी असते, २०२५ मध्ये महिन्याला ४,१७१ युरो, आणि तीस पूर्ण झाली की तीच ५,६८८. म्हणजे तीसच्या वाढदिवसाआधी अर्ज गेला तर कंपनीला सोपं जातं. कुठल्या कंपन्या बाहेरून माणसं आणू शकतात त्याची अधिकृत यादी त्यांचा इमिग्रेशन विभाग उघड ठेवतो, तुझे दहा-बारा अर्ज त्या यादीतूनच निघू देत.

ऑफर आली की रुपयात गुणून बघू नकोस. जर्मनीत टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन कापून हातात साधारण साठ-पासष्ट टक्के येतात, त्यातून भाडं, आणि पाळणाघराची जागा मिळेपर्यंत एकाच पगारावर घर. आम्ही पहिलं वर्ष फर्निचरशिवाय काढलं, गादी जमिनीवर.

अजून एक रस्ता आहे, बडोद्यातच बसून बाहेरच्या कंपनीसाठी काम करायचं, आणि तुझ्या परिस्थितीत मला तो पहिली पायरी म्हणून आवडतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणून केलंस तर पीएफ, सुट्ट्या, इन्शुरन्स सगळं स्वतःचं स्वतः बघायचं, वर्षाची मिळकत २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की एक्सपोर्ट म्हणून त्यावर जीएसटी पडत नाही. चांगला सीए गाठ आणि पहिलं इनव्हॉइस जायच्या आधी गाठ. याचा मोठा फायदा असा की पहिल्यांदा तू थेट परदेशी सहकाऱ्यांबरोबर रोज काम करतोस, तुझा कोड ते वाचतात, त्यावर तुला कॉमेंट लिहितात, आणि मध्ये कोणी बीडीई नसतो.

बॉण्डचं आता. मला यावर बोलायचंच होतं. बडोद्यात करार करून घेणं नवीन नाही. १९१३ मध्ये सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी असा करार लिहून घेतला. ते परत आलेही, १९१७ मध्ये, आणि याच शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही, ते शल्य आपण बडोदेकरांनी विसरायचं नाही. पण करार म्हणून बघ, एका बाजूला तीन वर्षांचं न्यूयॉर्कचं शिक्षण होतं. तुझ्या कंपनीने तुझ्यावर काय खर्च केला? पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, तेही तुझ्यासारख्याच एका सीनियरने घेतलेलं. कायदाही साधारण असाच बघतो. नोकरी सोडल्यानंतर कुठेच काम करायचं नाही अशी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर वाजवी भरपाई मागता येते, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉण्ड योग्य ठरवलाय, म्हणजे "बॉण्डला काही अर्थ नसतो" असं जे मित्र सांगतात त्यांचं ऐकू नकोस. तुझे सात महिने उरलेत, तयारीलाही तेवढे लागणारच आहेत. पूर्ण कर आणि ताठ मानेने बाहेर पड.

पण ओरिजिनल डिग्री एचआरच्या कपाटात राहता कामा नये. माझी मार्कशीट अशीच एका कपाटात होती, किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर, आणि माझी व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. मी रोज संध्याकाळी जाऊन त्या रिसेप्शनच्या सोफ्यावर बसायचे. शेवटी आदल्या दिवशी मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीत, एका कोपऱ्याला चहाचा डाग, तो डाग अजून आहे. तू आजच साधा, नम्र मेल टाक, मूळ प्रमाणपत्रं परत हवीत, साक्षांकित प्रती देतो. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी देतात, आणि नाही दिलं तर तुझ्याकडे मागितल्याचा पुरावा राहतो.

बाबांबद्दल. "इथे काय कमी आहे" या वाक्यात मला राग दिसला नाही, मला दिसलं की त्यांना विचारायचंय आमचं काय. तू त्यांना पगाराचे आकडे सांगतोस, त्यांना ते नकोयत. त्यांना सांग की गणपतीत मी येणार की नाही, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर कोण थांबणार, घराचे कागद कोण बघणार. यातल्या काही प्रश्नांना तुझ्याकडे आज उत्तर नसेल तर तसंच सांग. माझ्या बाबांना मी तीन वर्षांनी येते म्हणाले होते, आठ झाली, आणि त्या आकड्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यापेक्षा "माहीत नाही, पण दर वर्षी एकदा नक्की" एवढंच म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आणि त्यांना हेही सांग की तू शिकलास ते इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे जुनं कलाभवन, १८९० मध्ये महाराजांनी काढलेलं, दादासाहेब फाळके तिथेच शिकले, आणि इथे शिकून बाहेर पडून काम करणं ही या शहराची जुनीच रीत आहे. बाबा बडोद्यावर प्रेम करतात ना, मग हे त्यांना पोचेल.

आता लगेच करायचं एक काम, कारण दिवाळी जवळ आलीय. आधीच्या दोन्ही कंपन्यांकडून एक्सपिरियन्स लेटर घे, नुसतं "हे इथे काम करत होते" असं नाही, लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, फुलटाइम होतास हे, आणि काय काम करायचास ते चार ओळींत. मजकूर तूच तयार करून ने, त्यांना फक्त सही-शिक्का मारायचा राहील असं कर. छोट्या कंपन्या बंद पडतात, मालक बदलतात, मग ते पत्र मिळत नाही, आणि कागद मागायची वेळ आली की सहा वर्षांतली चार कागदावर उरत नाहीत. पीएफचे सगळे खाते नंबर एका यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरात, आलेत का तेही बघून घे. हे सगळं या आठवड्यात, धनतेरसच्या आधी, कारण एकदा ऑफिसं बंद झाली की दिवाळीनंतरच्या लाभपाचमेपर्यंत कोणी फोन उचलणार नाही.

आणि ते एक पान लिहिलंस की मला पाठव. इंग्रजी चुकलं तरी चालेल, ते मी बघते. फक्त पहिलं वाक्य 'आय'ने सुरू होऊ दे.

तुझी,
ताई